दोन वेढ्यांची माशी

मासा आणि माशी हे दोन शब्द मराठीत अगदी शेजारी नांदतात. परंतु त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार असेल, असे आपल्याकडील मासेमारी पाहून कोणास वाटणार नाही. कोकणात खाडीच्या काठी गरवावयास बसलेला मनुष्य गरीला कोळंबी लावतो. देशावर नदीच्या डोहाशी कोणी गांडूळ लावतो, कोणी कणकेची गोळी. आमिष खरे असते, खाण्याजोगे असते. माशाची चूक झाली तर एवढीच, की आतला गळ त्याला दिसला नाही. थंड मुलखांतील डोंगरी ओढ्यांवर मात्र शेकडो वर्षे एक निराळाच उद्योग चालत आला आहे. तेथे गळावर खाण्याजोगे असे काही नसतेच. रेशमाचा हातभर धागा आणि पाखराचे एक लहानसे पीस, एवढ्या सामग्रीवर ट्राउट नावाच्या अत्यंत सावध माशाला फसवावयाचे असते. या बनावट किड्याला इंग्रजीत 'फ्लाय', म्हणजे माशी, म्हणतात. आणि ती गळावर बांधणे ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील अशा मासेमारीचे वर्णन करून ठेवले आहे. तेथील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला जोडीत. इंग्लंडात १४९६ साली छापल्या गेलेल्या एका प्रबंधात बारा माश्यांची कृती दिलेली आहे. पुढे या कलेला अनेक फाटे फुटले. कोणी पिसांच्या पट्ट्या कापून माशीला पंख लावले, कोणी ती पाण्यावर तरंगेल अशी केली, कोणी सोनेरी-चंदेरी तारांनी मढविली. परंतु या सर्व थाटमाटापासून दूर राहिलेला एक साधा प्रकार आहे. त्याला पंख नाहीत, शेपूट नाही, आणि तो पाण्यावर तरंगतही नाही. पाण्याखाली वाहत जातो. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरच्या दऱ्यांत, या बिनपंखी ओल्या माशीला 'स्पायडर' म्हणतात. स्पायडर म्हणजे कोळी. मराठीत हाच शब्द जाळे विणणाऱ्या किड्यालाही आहे आणि मासे धरणाऱ्या माणसालाही, हा योगायोग यॉर्कशरच्या मंडळींना कळला असता तर त्यांना गंमत वाटली असती. वास्तविक ही माशी कोळ्याची नक्कल नव्हेच. तिच्या गळ्याभोवती पसरलेले पिसाचे विरळ तंतू कोळ्याच्या पायांसारखे दिसतात, एवढ्यावरून हे नाव पडले.

महाराष्ट्रात ट्राउट नाही, आणि असणारही नाही. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले आणि थंड पाणी लागते. पाण्याची उष्णता वीस अंश सेल्सिअसच्या वर चढू लागली की तो कासावीस होतो. हिंदुस्थानातही तो मूळचा नव्हे. ब्राउन ट्राउटची अंडी विलायतेहून काश्मीरला आणण्याचा १८९९ सालचा प्रयत्न फसला, ती वाटेतच वाया गेली. १९०० साली दुसरी खेप सुखरूप पोहोचली आणि श्रीनगरजवळ हारवान येथे त्या माशांची पैदास सुरू झाली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी त्यासाठी खटपट केली. १९०९ साली कुलूच्या खोऱ्यात महिली येथेही तसेच केंद्र उभे राहिले. निलगिरीच्या ओढ्यांत दुसऱ्या जातीचा, म्हणजे रेनबो ट्राउट, विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावला. माशाबरोबर साहेबांच्या काठ्या आल्या, रिळे आली आणि पिसांच्या डब्याही आल्या. आज पहलगामच्या लिद्दर नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून कोणी काठी फिरविताना दिसतो, त्याच्या दोरीच्या टोकाशी जी चिमुकली वस्तू असते तिचे कुलवृत्त यॉर्कशरमध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये शोधावे लागते.

ट्राउट खातो काय, हे पाहिल्यावाचून ही माशी समजत नाही. थंड ओढ्यांतील दगडांखाली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्ले राहतात. आयुष्याचा बहुतेक काळ, पुष्कळदा वर्षभर, ती पाण्याखालीच घालवतात. मग एखाद्या दिवशी ती पृष्ठभागाकडे येतात, कात टाकतात, पंख उघडतात आणि उडून जातात. उडाल्यानंतर त्यांना अन्न खाता येत नाही. दिवस-दोन दिवसांत समागम आणि अंडी घालणे उरकून ती मरतात. तळापासून पृष्ठभागापर्यंतचा तो प्रवास हीच त्यांच्या जिवावरची वेळ. अर्धवट सुटलेली कात, चुरगळलेले पंख, धडपडणारे पाय अशा अवस्थेत प्रवाह त्यांना ओढून नेत असतो आणि प्रवाहाकडे तोंड करून उभा असलेला ट्राउट त्यांना एकेक करून टिपत असतो. आकाशात नाचणारी सुबक पंखांची माशी माणसाला दिसते. ट्राउटच्या पोटात जाते त्यातले बहुतेक सारे पाण्याखालीच खाल्लेले असते. बिनपंखी माशी ही त्या अर्धवट, गोंधळलेल्या, रूप बदलत असलेल्या जीवाची आठवण करून देते. आठवण हाच शब्द येथे योग्य. प्रतिकृती म्हणता येणार नाही.

या एका शब्दावरून इंग्लंडात बराच वाद माजला. दक्षिणेकडील हॅम्पशर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या टेकड्यांतून झिरपून आलेल्या पाण्याच्या. संथ, काचेसारख्या स्वच्छ. तेथे मासा दिसतो, तो काय खातो तेही दिसते. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून तेथे असा दंडक होऊन बसला की, माशी कोरडी हवी, पृष्ठभागावर तरंगणारी हवी आणि खऱ्या किड्याशी रंगारूपाने तंतोतंत जुळणारी हवी. पाण्याखाली माशी सोडणारा मनुष्य सभ्य समाजातून उठल्यासारखा मानला जाऊ लागला. जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाने १९१० साली या सोवळ्याला हात घातला. पाण्याखाली खाणाऱ्या माशाला पाण्याखालचेच खाद्य दाखविण्यात अधर्म तो कोणता, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. वाद इतका चिघळला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. त्या वेळी स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. सोवळे-ओवळे ही केवळ आपल्याकडचीच मिरास नव्हे, एवढे यावरून ध्यानात येते.

उत्तरेकडील लोकांना या वादाशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या व्हार्फ, निड, यूअर या नद्या पावसाच्या पाण्याच्या. दगडधोंड्यांवरून उड्या घेत जाणाऱ्या. तेथे माशाला निरखून पाहण्यास वेळच नसतो. समोरून काही वाहत आले, ते जिवंत वाटले, तर क्षणात घ्यावयाचे, नाहीतर ते गेले. तेव्हा तेथील माशी बांधणाऱ्याने रूपापेक्षा हालचालीकडे लक्ष दिले. टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली यॉर्कशरच्या माश्यांचे पुस्तक काढले, त्यात या परंपरेतील कृती रंगीत चित्रांसह एकत्र आल्या. १९१६ साली एडमंड्स आणि ली या जोडीने आणखी एक पुस्तक लिहिले. त्याच्या खास आवृत्तीत रेशमाचे आणि पिसांचे प्रत्यक्ष नमुनेच जोडले होते. रंगाचे वर्णन शब्दांत करून भागत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता प्रत्यक्ष बांधणी. उदाहरणादाखल 'पार्ट्रिज अँड ऑरेंज' ही माशी घेऊ. नावातच तिची सारी सामग्री आली: पार्ट्रिज या तित्तिराच्या जातीच्या पाखराचे एक तपकिरी ठिपकेदार पीस आणि नारिंगी रेशीम. गळ लहान, त्याची दांडी जेमतेम सेंटिमीटरभर. तो लहानशा शिकंजात धरतात. जुने लोक तर डाव्या हाताच्या बोटांतच धरीत. धागा जोडे शिवणाऱ्यांच्या काळ्या मेणातून ओढून घ्यावयाचा. गळाच्या नेढ्यापाशी तो अडकवून, एकाला एक लागून वेढे घेत मागे जावयाचे आणि गळाचे टोक जेथे येते त्याच्या समोरच थांबावयाचे. नवशिका येथे पहिली चूक करतो. त्याला वाटते, दांडी उघडी कशाला ठेवावी? आणि तो वाकणापर्यंत गुंडाळीत जातो. माशी लांबट आणि जड होते. आखूड अंग हे या जातीचे पहिले लक्षण.

अंग म्हणजे केवळ हा धागा. एकावर एक दोन थर, त्याहून अधिक नाही. रेशीम कोरडे असताना भडक नारिंगी दिसते. पाण्यात पडताच ते पारदर्शक होते, आतल्या पोलादाची काळसर छाया त्यातून वर येते आणि रंग तांबूस-तपकिरी होतो. म्हणजे दुकानात जो रंग आवडला तो माशाला दिसणारच नाही. जाणता बांधणारा म्हणूनच धागा निवडताना तो ओला करून पाहतो. मेणाचेही असेच. 'वॉटरहेन ब्लोआ' या माशीचे रेशीम पिवळे असते, पण काळ्या मेणातून ओढल्यावर ते हिरवट, कच्च्या ऑलिव्हच्या रंगाचे होते. वसंताच्या आरंभी निघणाऱ्या मेफ्लायचा नेमका तो रंग. मेण बदलले की माशी बदलली. 'ब्लोआ' हा उत्तरेकडील बोलीतला शब्द, शिशासारख्या निळसर छटेचा, पावसाळी आभाळाच्या रंगाचा. या माशीच्या रेशमावर मऊ करड्या लवेचे चार तंतू चिमटीने पिळून बसवतात, इतके थोडे की खालचा धागा स्पष्ट दिसत राहावा. लवेचे अस्तर करावयाचे नसते. धाग्यावर धुके धरल्यासारखे वाटले पाहिजे.

मग पीस. त्याच्या बुडाचा कापूस काढून टाकावयाचा, टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू हलक्या हाताने उलट्या दिशेला फिरवावयाचे, म्हणजे ते देठाशी काटकोन करून उभे राहतात. तंतूंची लांबी गळाच्या वाकणाला जेमतेम ओलांडील इतकीच हवी. पीस टोकाकडून धाग्यात अडकवावयाचे, त्याची पोकळ बाजू अंगाकडे ठेवावयाची, आणि देठ धरून गळाभोवती फिरवावयाचे. एक वेढा. दुसरा वेढा. पुढे धाग्याने ते बांधून, उरलेला देठ छाटून, नेढ्यामागे तीन-चार वेढ्यांची आतून गाठ मारली की काम संपले. हात बसलेल्या माणसास यास दोन-तीन मिनिटे पुरतात.

खरी परीक्षा तिसऱ्या वेढ्याची असते. पीस हातात शिल्लक असते, दोन वेढ्यांची माशी उघडी-बोडकी दिसते, आणि आणखी एक फेरा घेतला तर ती कशी भरगच्च, देखणी होईल, असे मन सांगू लागते. तो फेरा घेतला की माशी बिघडते. दाट तंतू एकमेकांना टेकून कुंपणासारखे उभे राहतात. प्रवाह त्यांना हलवू शकत नाही. शिवाय माशी पाण्यात लवकर बुडत नाही आणि आतले रेशीम झाकले जाते. विरळ तंतू मात्र पाण्याच्या प्रत्येक लहरीबरोबर मिटतात, उघडतात. अंगाशी चिकटतात, पुन्हा सुटतात. बाजारात मिळणाऱ्या माश्या बहुधा पिसांनी गच्च भरलेल्या असतात. गिऱ्हाईक पैसे देते ते पिसांकडे पाहून, आणि दुकानात पाणी नसते.

याच कारणाने पीसही मऊच लागते. तरंगणाऱ्या माशीला कोंबड्याच्या मानेचे ताठ, चकचकीत पीस हवे. पाण्याखालच्या माशीला त्याचा उपयोग नाही. तिला कोंबडीचे किंवा रानपाखराचे, पाणी पिऊन लवचिक होणारे पीस लागते. उत्तरेकडील यादीतील पाखरे मराठी श्रोत्याला सर्वस्वी परकी नाहीत. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. हिवाळ्यात भातखाचरांतून आणि तळ्यांच्या काठी तो येतो. त्याच्या पंखाच्या वरच्या कडेचे काळपट पीस आणि जांभळे रेशीम मिळून 'स्नाइप अँड पर्पल' होते. वॉटरहेन ही आपली तांबड्या कपाळाची पाणकोंबडी. कूट म्हणजे काळ्या अंगावर पांढरे कपाळ मिरवणारा वारकरी. स्टार्लिंग हा साळुंकीच्या कुळातला, ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरणाऱ्या भोरडीचा सख्खा भाऊबंद.

या स्टार्लिंगच्या गडद, चमकदार पिसाची 'काळा कोळी' ही माशी स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी नावारूपाला आणली. त्यांचे पुस्तक १८५७ चे. तपकिरी रेशीम आणि हे एक पीस. पण त्यांनी ते केवळ गळ्याशी न ठेवता धाग्याबरोबर पिळून पुढच्या अर्ध्या अंगावर विरळ फिरविले. पिळल्यामुळे नाजूक देठाला धाग्याचा आधार मिळतो आणि माशाच्या दातांनी ते लवकर तुटत नाही. या माशीचे श्रेय त्यांनी स्वतःकडे न घेता जेम्स बेली या मासे धरणाऱ्याला दिले, हेही सांगावयास हवे. स्ट्यूअर्ट यांचा दुसरा आग्रह असा की, माशी प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकावी. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणजे मनुष्य त्याच्या पाठीशी राहतो. आणि सैल दोरीवरची माशी खऱ्या किड्याप्रमाणे वाहत्या पाण्याबरोबर येते. मासा लागल्याचा झटका क्वचितच जाणवतो. वाहणारी दोरी पळभर अडखळते, इतकेच. ज्याचे लक्ष त्या पळावर नाही, त्याने कितीही सुरेख माशी बांधली असली तरी तो रिकाम्या हाताने घरी जातो.

अटलांटिक ओलांडून ही परंपरा पेनसिल्व्हेनियात गेली. तेथील जेम्स लायझेनरिंग हे हत्यारे घडविण्याच्या धंद्यातले. त्यांचे ओल्या माशीवरचे पुस्तक १९४१ साली निघाले. पुढे अमेरिकेतही तिचा विसर पडला आणि सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या १९७५ च्या पुस्तकाने ती पुन्हा वर आली. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरही बिनपंखी माश्या बांधतात. त्यांतील एका प्रकारात पिसाचे तंतू मागे न वळता पुढे वळलेले असतात. प्रवाहाने ते मिटतात आणि दोरी ढिली झाली की पुन्हा पुढे झेपावतात. विचार तोच, दिशा तेवढी उलटी.

या कलेच्या वाट्याला एक अपकीर्तीही आली आहे. जुन्या यादीत 'डॉटरेल' नावाची एक माशी मानाने आढळते. डॉटरेल हे उंच माळावर घरटे करणारे, माणसाला फारसे न भिणारे पाखरू. त्याच्या पिसाच्या पिवळसर कडेवर मासे धरणाऱ्यांचे फार प्रेम. आणि एकोणिसाव्या शतकात ते पाखरू इंग्लंडात दुर्मिळ होत गेले, त्याच्या अनेक कारणांत या प्रेमाचीही गणना होते. मग लोक दुसऱ्या पाखरांच्या पिसांकडे वळले. नाव डॉटरेल, पीस गोल्डन प्लव्हरचे किंवा स्टार्लिंगचे. मासे पूर्वीप्रमाणेच लागत राहिले. आज ब्रिटनमध्ये स्टार्लिंगही पुष्कळ घटला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानपाखरांची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच झाले. तेव्हा कुलू किंवा काश्मीरमध्ये माशी बांधणाऱ्याने पाणलाव्याकडे पाहण्याचे कारण नाही. गावठी कोंबडीच्या मानेची मऊ, ठिपकेदार किंवा राखी पिसे त्याला पुरेशी आहेत. जुन्या कृतीचे अक्षर पाळणाऱ्यांना हे रुचत नाही. परंतु कृतीच्या मुळाशी जे आहे ते पाखराच्या नावात नसून तंतूच्या लवचिकपणात आहे. बारीक, मऊ आणि थोडे, एवढ्या तीन अटी पाळणारे कोणतेही पीस चालते.

बांधून झालेली माशी कशी उतरली, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्यावे, माशी दोऱ्याला बांधून त्यात सोडावी आणि हलकेच वर-खाली करावी. खाली जाताना तंतू उघडले आणि वर येताना मिटले, तर ती ठीक. नुसतीच कुंचल्यासारखी हलली, तर पात्याच्या टोकाने काही तंतू छाटून टाकावेत. नदीवर हे काम ट्राउट स्वतःच करतात. पाच-सहा मासे लागल्यावर माशीचे निम्मे तंतू तुटलेले असतात, रेशमाचे सूत बाहेर लोंबत असते, आणि नवखा मनुष्य ती काढून डबीतून नवी कोरी काढतो. जुने लोक ती तशीच ठेवतात. कारण त्या फाटक्या माशीला नव्या माशीपेक्षा अधिक मासे लागतात, असा त्यांचा अनुभव आहे.